बारा फुटी झाड

आमच्या घरात बोलून कधी काही ठरत नाही, मतदानाने ठरतं. ही बाबांची कृपा. बाबा दिवसभर ओतकामाच्या कारखान्यात साचे भरायचे आणि संध्याकाळी युनियनचे सेक्रेटरी व्हायचे. तिथे रोज दहा जणांची भांडणं निस्तरून आल्यावर घरात कुणी आवाज चढवलेला त्यांना खपत नसे. भिंतीला कुठला रंग द्यायचा, सुट्टीत कुठे जायचं, रेडिओवर काय लावायचं, सगळ्याला मतदान. मला आणि दादाला मताचा हक्क पाचव्या वर्षी मिळाला आणि तोंड उघडण्याचा अजून मिळायचाय.

नाताळच्या झाडाचं मतदान तर त्यांनी अगदी शास्त्रशुद्ध बसवलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे गावाबाहेरच्या झाडांच्या बागेत जायचो. तासभर हिंडून, कुरकुरून दोन झाडं नक्की करायचो. मग बाबा सगळ्यांना झाडांकडे पाठ करून उभं करायचे आणि खिशातली शिट्टी वाजवायचे. शिट्टी झाली की वळायचं आणि आपल्याला हव्या त्या झाडापाशी जाऊन उभं राहायचं. वाटेत बोलायचं नाही, डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत, एकदा उभं राहिलं की जागा बदलायची नाही. जिथे माणसं जास्त, ते झाड कापायचं. माणसं सम संख्येने असली तर बाबा स्वतः मत द्यायचे नाहीत, म्हणजे बरोबरी होत नसे. आजूबाजूची कुटुंबं करवत हातात धरून आमच्याकडे बघत राहायची. लहानपणी मला लाज वाटायची. पुढे वाटेनाशी झाली, हे जास्त वाईट.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची शिट्टी दादाकडे गेली आणि आई माझ्याकडे आली. ही वाटणी तेवढी बिनमतदानाची झाली. दादाचा धंदा लिफ्ट बसवण्याचा, आणि राहायचा तो बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. वहिनीचा दातांचा दवाखाना नुकता सुरू झाला होता. मी नवऱ्याला सोडून दहा वर्षांच्या लेकीबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. आईला जिना चढवत नव्हता. सगळे म्हणाले, तात्पुरती तुझ्याकडे राहू दे. त्या तात्पुरतीचं दहावं वर्ष आता सुरू होणार होतं.

झाडाच्या बाबतीत आमच्यात एक गोष्ट आपोआप पक्की झाली होती. झाड आई असेल त्या घरी. नाताळला सगळ्यांनी जमायचं तेही तिथेच. त्यामुळे नऊ वर्षं झाड माझ्या बाहेरच्या खोलीत, आईची कॉट आणि फ्रिज यांच्या मधल्या कोपऱ्यात उभं राहिलं. त्या कोपऱ्यात पाच फुटांच्या वरचं झाड बसत नाही. वर पाण्याची टाकी बसवलीय, तिथे छत खाली आलंय. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते, फ्रेमच्या खाचेत काच बसेपर्यंत तिची कड चाकावर धरायची हे माझं काम. अर्धा मिलिमीटर जास्त गेला की काच फुकट. मापाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये.

तर यंदा दादाचं घर बांधून झालं. स्वतःचं, जमिनीवरचं, दिवाणखान्याचं छत दुसऱ्या मजल्याइतकं उंच. राहणार दोघं. मूलबाळ झालं नाही त्यांना. आईसाठी त्याने खालच्या मजल्यावर उन्हाची खोली काढली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, हाक मारायला बेल बसवली. मग नोव्हेंबरात त्याचा फोन आला. आधी हवा-पाण्याचं बोलला, मग ठकीच्या परीक्षेचं विचारलं. ठकी म्हणजे माझी लेक, आता एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण आजीने पाळण्यात ठेवलेलं नाव काही सुटत नाही. शेवटी म्हणाला, यंदा झाड कुणाकडे लावायचं ते बागेत झाडं बघूनच ठरवू.

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. लहान झाड म्हणजे आई माझ्याकडे. मोठं झाड म्हणजे आई त्याच्याकडे. ते त्याला कळत होतं, मला कळत होतं, आणि कॉटवर पडल्या पडल्या फोनकडे कान लावलेल्या आईलाही कळत होतं. कुणीही तसं म्हणालं नाही.

ही नऊ वर्षं मी मुकाट्याने काढली असं कुणाला वाटत असेल तर चूक आहे. आईसमोर मी मुकाट असायचे. दादाचा फोन आला की बाल्कनीत जाऊन तोंडाचा पट्टा सोडायचे. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालावे लागतात, तुला माहीत आहे का. पहाटे पाचला हाक मारते, उठून बघावं तर नुसतं किती वाजले विचारते, तुला माहीत आहे का. मला नऊ वर्षांत दोन दिवस सलग कुठे जाता आलं नाही, तुला काय त्याचं. एक महिना घेऊन जा, मग कळेल. तो बिचारा ऐकून घ्यायचा. बिचारा हा शब्द मी आत्ता वापरतेय, तेव्हा वेगळे वापरायचे.

आई मात्र दर दोन-चार महिन्यांनी विचारायची, "मी दादाकडे जाऊन राहू का गं? तुला जड होतंय." मी तिचे मोजे चढवत असायचे, नाहीतर चादर बदलत असायचे. वर न बघता म्हणायचे, राहा गं, कुठे जातेस. हे उत्तर माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं की प्रश्न पुरा व्हायच्या आत बाहेर पडायचं.

आणि एवढं करून मला खात्री होती की आई दादाच्याच झाडापाशी उभी राहणार. दादा तिचा लाडका. त्याचा फोन यायचा त्या दिवशी ती केस विंचरून बसायची, जणू फोनमधून तो बघणार होता. मी आणलेल्या औषधाला नाकं मुरडायची आणि तेच औषध दादाने पाठवलं की गुण यायचा. तेव्हा ती तिकडे जाणार, हे मी धरून चालले होते. मी लहान झाडापाशी एकटी उभी राहणार, ठकी असली तर माझ्याबरोबर, आणि सगळ्यांना दिसणार की नऊ वर्षं जिने केलं तिला कसं टाकलं. त्यानंतर मी काय बोलणार तेही ठरवलं होतं. एक शब्दही वावगा नाही. बरं झालं, आईला तिथे आराम पडेल, एवढंच म्हणायचं आणि करवत उचलून द्यायची. कामावर काचा घासता घासता मी हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं.

त्या रविवारी सकाळी आईला तयार करायला दीड तास लागला. दोन स्वेटर, वर कोट, कोटाची बटणं मी लावायची कारण तिच्या बोटांना ती सापडत नाहीत. गाडीत पुढच्या सीटवर उशी, पाठीला दुसरी उशी. ठकी मागे. वाटेत आईने माझ्या गाडी चालवण्यावर टीका केली, मग रस्त्यावर, मग समोरच्या ट्रकवर. बागेपाशी पोचलो तर दादा आणि वहिनी आधीच येऊन थांबलेली. दादाने आईला मिठी मारली. वहिनीने नवे कोरे बूट घातले होते आणि चिखलाला घाबरून ती बदकासारखी चालत होती.

बागवाल्याने दादाच्या हातात करवत दिली आणि ठकीच्या हातात मापाची काठी, फुटाफुटावर रंगाचे पट्टे मारलेली. कापताना खोड जमिनीपासून वीतभर सोडा, आणि झाड ओढत आणू नका, फांद्या मोडतात, असं त्याने बजावलं. दरवर्षी तेच बजावतो.

मोठं झाड शोधायला वेळच लागला नाही. वहिनी डाव्या हाताला वळली, चौथ्या रांगेत शिरली आणि एका झाडापाशी जाऊन थबकली. अगदी सहज सापडल्यासारखं अरे वा म्हणाली. झाडाभोवतीचा चिखल मी बघितला. त्यात त्याच नव्या बुटांच्या तळव्याचे वाळलेले ठसे होते. म्हणजे दोघं आदल्या दिवशी येऊन बघून गेली होती. झाड होतंही देखणं. ठकीने काठी लावली. बारा फूट. खालपासून वरपर्यंत भरगच्च, खोड सरळ, शेंडा एकच. आईने मान मागे टाकून ते बघितलं आणि म्हणाली, हे घरात लावायचं की चौकात. दादा मोठ्याने हसला.

लहान झाड ठकीने शोधलं, पार पलीकडच्या कुंपणाजवळ. साडेचार फुटांचं, आणि एका बाजूला दुसऱ्या झाडाच्या सावलीत वाढल्यामुळे चपटं. मला लगेच दिसलं की ही चपटी बाजू भिंतीला लावली तर झाड कॉटपासून पाच बोटं दूर राहील आणि फ्रिजचं दार पूर्ण उघडेल. आईने त्याचं एक सुईसारखं पान वाकवून बघितलं, मोडलं नाही. मग बोटं नाकाशी नेली. ताजं आहे, एवढंच म्हणाली. दोन झाडांमध्ये पन्नास-साठ पावलांचं अंतर होतं, मध्ये कापून गेलेल्या झाडांची खोडं.

दादाने मला जरा बाजूला घेतलं. करवतीचं पातं त्याने कापडात गुंडाळलं होतं आणि बोलताना तो ते कापड सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. "दिवसा एक बाई येईल," तो म्हणाला. "रात्री आम्ही आहोतच. थेंबांचं वेळापत्रक तू लिहून दे फक्त. तूच म्हणायचीस ना, घेऊन जा म्हणून."

"आईला विचार," मी म्हटलं.

"विचारतोय की," तो म्हणाला आणि त्याने झाडांकडे हात केला.

यावर मला चीड यायला हवी होती. पण मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आम्ही दोघं त्याच बापाची पोरं. ठकी मात्र बाबांच्या हाताखाली वाढलेली नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आजीला सरळ विचार ना, तुला काय हवंय म्हणून. मी तिला म्हटलं, तू मला शिकवू नकोस.

मग आईला लघवीला जायचं झालं. बागेच्या कडेला प्लास्टिकची उभी खोकी ठेवली होती, त्यांच्यापुढे बायकांची रांग. आतमध्ये एक माणूस कसाबसा मावतो, तिथे मी आणि आई दोघी. तिला मागून काखेत धरायचं, एका हाताने कोट वर करायचा, दुसऱ्या हाताने बाकीचं, आणि दार गुडघ्याने लावून धरायचं. आम्हाला दोघींना ते इतकं पाठ आहे की अंधारातही चुकणार नाही. तशा अवस्थेत, माझ्याकडे पाठ असताना, आई म्हणाली, "त्याच्याकडे पायऱ्या किती आहेत?"

"एकही नाही."

"मग मी दिवसभर करायचं काय तिथे?"

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. मी म्हटलं, बाई ठेवणार आहे तो, गप्पा मार तिच्याशी. मी तिचे कपडे सारखे केले, हात पुसले, बाहेर आणलं. आता वाटतं की त्या खोक्यात ती मला काहीतरी विचारत होती आणि तेवढीच एक वेळ होती. पण तेव्हा माझं सगळं लक्ष दाराच्या कडीकडे होतं.

परत आलो. दादाने दोन्ही झाडांच्या मधोमध सगळ्यांना उभं केलं, तोंडं वाटेकडे करून. पाच जण. दादा, वहिनी, आई, मी, ठकी. पाच म्हणजे विषम, दादालाही मत. आईचा हात माझ्या हातात होता कारण जमीन खडबडीत होती. दादाने शिट्टी वाजवली. अगदी बाबांसारखी, आधी लहान आणि मग लांब.

मी वळले आणि आईला घेऊन निघायला लागले, तर तिने माझा हात सोडवला. "सोड," ती म्हणाली. "मत आहे. एकटीने जायचं असतं."

वाटेत बोलायचं नाही हा नियम तिने मोडला म्हणून दादाने भुवई वर केली, पण तो आधीच चालायला लागला होता. तो आणि वहिनी बारा फुटी झाडापाशी गेले. ठकी दुसऱ्या टोकाला, कुंपणाकडे, लांब ढांगा टाकत गेली. आई आपली चालायची काठी टेकत होती. काठी चिखलात रुतायची, ती ओढून काढायची, पुन्हा टेकायची. मी जागेवरच उभी होते. माझं वाक्य तयार होतं. बरं झालं, आईला तिथे आराम पडेल.

आई कुंपणाकडे चालली होती.

मला आधी वाटलं ती दिशा चुकली. डोळ्यांनी कमी दिसतं तिला. पण ती एका खोडाला वळसा घालून नीट गेली, त्या साडेचार फुटी चपट्या झाडापाशी पोचली, ठकीच्या शेजारी उभी राहिली आणि माझ्याकडे तोंड करून थांबली. ती बघत होती. तिच्या चेहऱ्यावर लाजल्यासारखं काहीतरी होतं, मी तिच्या तोंडावर ते कधी पाहिलेलं नव्हतं. तिने मला निवडलं होतं. लाडका मुलगा, दांडे बसवलेलं न्हाणीघर, उन्हाची खोली, सगळं सोडून ती माझ्या टाकीखालच्या कोपऱ्यात परत यायला निघाली होती.

दोन आणि दोन. उरले मी.

मी दुखावून घ्यायची तयारी करून आले होते. मला कुणी निवडेल याची तयारी माझ्याकडे नव्हती. त्या जागी उभी असताना मला पुढची वर्षं दिसली, एकामागून एक, पहाटे पाचची हाक, थेंब, मोजे, चादरी, आणि ती किती असतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. मी हिशेब केला की ठकी दोन वर्षांत नोकरीला लागेल, निघून जाईल, आणि मग त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. खोटं कशाला सांगू, आईच्या त्या चेहऱ्याची मला भीती वाटली.

मी वळले आणि बारा फुटी झाडापाशी जाऊन उभी राहिले.

दादाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या खिशात हात घातलाय. जिंकायला तो आला होता, पण माझ्या मताने जिंकेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल. वहिनी झाडाकडे बघत राहिली. मग पलीकडून ठकी मोठ्याने म्हणाली, "आई, तू चुकून तिकडे गेलीस ना?"

माझ्या लेकीने मला वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. नियम मोडला असता, दादाने तोंड फिरवून चालवून घेतलं असतं, आम्ही हसलोही असतो.

"नाही," मी म्हटलं.

आईने मान हलवली, मतमोजणी झाली की बाबा हलवायचे तशी. काठी चिखलातून उपसली आणि आमच्याकडे चालायला लागली. ठकीने तिला धरायला हात पुढे केला, तो तिने घेतला.

दादा गुडघे टेकून खोड कापायला बसला. बारा फुटी झाडाचं खोड मांडीएवढं असतं, अर्धा तास लागला. वहिनी फांद्या वर धरून उभी होती आणि तिच्या कोटाला चीक लागत होता, पण तिने फांद्या सोडल्या नाहीत. झाड पडलं तेव्हा मोठा आवाज झाला नाही, नुसती सळसळ. बागवाल्याने हातगाडी आणली, झाड लोखंडी नळकांड्यातून ओढून जाळीत गुंडाळलं, आणि ते दादाच्या गाडीच्या टपावर चढवून दोरीने बांधायला दोघं लागले. इतका वेळ ठकी माझ्याकडे पाठ करून होती. ती दोरी धरायला गेली.

आई बाकावर बसली होती. तिच्या कोटाचं वरचं बटण सुटलं होतं. मी जाऊन ते लावायला वाकले. तिने लावू दिलं.

"आजच जाते मी दादाबरोबर," ती म्हणाली. "कपडे ठकीबरोबर पाठव. एकदा घरी येऊन पुन्हा निघायचं, ते नको."

"आई, मी दमलेय गं," मी म्हटलं. नऊ वर्षांत हे वाक्य मी दादाला शंभर वेळा ऐकवलं होतं. आईला पहिल्यांदा.

"मला ठाऊक आहे. आंधळी झाले असेन, बहिरी नाही. बाल्कनीतलं सगळं ऐकू यायचं." तिने माझा हात बटणावरून खाली केला, रागाने नाही. "म्हणून तर दर वेळी विचारायचे तुला, जाऊ का म्हणून. तू म्हणायचीस राहा. मी म्हणायचे, पोरगी चिडते, बोलते, पण राहा म्हणतेय ना, मग तेवढं आपण घ्यावं. तेवढ्यावर राहत होते मी."

मी तिच्यासमोर चिखलात उकिडवी बसले होते.

"तू मला घरी सांगायचं होतंस, बारके," ती म्हणाली. "एकदा सांगितलं असतंस ना, तर मी आपल्या पायांनी त्या मोठ्या झाडापाशी जाऊन उभी राहिले असते. सगळ्यांच्या देखत तुझं घर मागायला लावलंस मला."

मग दादा आला. दोरी पक्की बांधून झाली होती, त्याचे हात काळे झाले होते आणि तो ते पँटला पुसत होता. चला आई, म्हणाला. आईने माझ्याकडे बघून येते हं म्हटलं, जसं शेजारणीकडून उठताना म्हणतात, आणि ती काठी टेकत त्याच्या गाडीकडे गेली. ठकीही तिच्यामागे गेली, आजीला सोडून बसने येते असं तिने गाडीच्या टपाकडे बघत मला सांगितलं.

दादाची गाडी उंच आहे. दार उघडून तो क्षणभर घोटाळला, कुठून धरावं ते त्याला कळेना. मग त्याने आईला उजव्या काखेत हात घालून उचललं. उजवा खांदा तिचा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, त्या बाजूने तिला कधीच उचलायचं नसतं. आईचे ओठ घट्ट मिटले गेले आणि डोळेही. ती त्याला काही बोलली नाही. मी दहा पावलांवर उभी होते, मीही बोलले नाही.